सुभेदार आणि भामरे साहेब

भामरे साहेब आमच्या डोक्यावर राहायचे. नाशिक रोडच्या आमच्या सोसायटीत मी तिसऱ्या मजल्यावर आणि ते चौथ्या, एवढाच अर्थ या वाक्यातून बाहेरच्या माणसाला लागेल. सोसायटीतल्या माणसाला दुसराही लागतो. एका सरकारी खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून ते निवृत्त झाले होते, पण आवाजाला निवृत्ती द्यायची राहून गेली होती. दूध पातळ आलं की आम्हाला कळायचं. पेपर उशिरा आला की कळायचं. त्यांच्या पत्नीने, म्हणजे शकूकाकूंनी, भाजीत मीठ कमी टाकलं की आमच्या ताटातली भाजीसुद्धा ओशाळायची.

"माणसाला वचक पाहिजे," हे त्यांचं लाडकं वाक्य. "वचक नसलेला माणूस म्हणजे दिवा नसलेला खांब. लोक त्याला नुसते टेकतात." दुसरं वाक्य त्याहून आखूड होतं, "मोठं ते खरं." त्यामुळे गाडी मोठी, टीव्ही भिंतीएवढा, आणि दारावरची नावाची पाटी एवढी की पाटी दाराला लावली आहे की दार पाटीला, असा प्रश्न कुरिअरवाल्याला पडायचा. त्यांना सगळे साहेबच म्हणत. शकूकाकूही म्हणत. "आमचे साहेब झोपलेत," असं त्या इतक्या हळू सांगायच्या की झोपलेला माणूस आत आहे की जिन्यात, कळायचं नाही.

सोसायटीचे चेअरमन अर्थातच तेच. निवडणूक होत नसे. ते खुर्चीवर बसत आणि आम्ही सतरंजीवर. त्यांच्या कारकिर्दीतला गाजलेला नियम प्राण्यांचा. तळमजल्यावर मोरेबाई राहतात, निवृत्त नर्स. एकट्याच. त्यांच्याकडे एक म्हातारा गावठी कुत्रा होता, मोत्या. तो दिवसभर पायपुसण्यावर पडलेला असे आणि फक्त साहेब ओरडले की भुंके. साहेबांचं म्हणणं पडलं की इमारतीत एवढा आवाज बरा नाही. झालं, बैठक बसली, नियम झाला. कुत्री, मांजरी, कोंबड्या आणि पक्षी पाळायला मनाई. मोरेबाईंनी मोत्याला पिंपळगावला भावाकडे पोचवलं. तो तिथे फार जगला नाही. ही बातमी कोणीतरी जिन्यात साहेबांना सांगितली, तेव्हा ते म्हणाले की वय झालं होतं त्याचं. मोरेबाईंनी त्या दिवसापासून त्यांना नमस्कार करणं सोडलं. साहेबांच्या ते लक्षातही आलं नाही, कारण नमस्कार मोजण्याइतके थोडे त्यांना मिळत नव्हते.

असा माणूस ससा पाळेल हे आम्हाला कोणी सांगितलं असतं, तर आम्ही सांगणाऱ्याला पाणी दिलं असतं.

झालं असं की दिंडोरीकडे त्यांच्या ओळखीचे एक द्राक्षबागायतदार होते, पोपटराव. त्यांनी बागेत शहरातल्या लोकांसाठी राहायची-जेवायची सोय केली होती, आणि पाहुण्यांच्या करमणुकीला काही मोठ्या जातीचे ससे ठेवले होते. फ्लेमिश जायंट. आमचा वॉचमन पुढे त्याला फेमस जायंट म्हणू लागला आणि तेच नाव रुळलं. साहेब तिथे जेवायला गेले, नेहमीप्रमाणे मधल्या खुर्चीवर बसले, पण नेहमी जमतात तसे लोक भोवती जमले नाहीत. सगळे पाहुणे एका सशाभोवती उभे होते. ससा चांगला कुत्र्याएवढा होता, राखाडी, कान वितभर. लोक फोटो काढत होते, पोरं कलकलत होती, आणि तो डोळे अर्धे मिटून सावकाश काहीतरी चावत बसला होता. कोणाकडे बघत नव्हता. साहेबांनी बराच वेळ ते पाहिलं आणि पोपटरावांना म्हणाले, "याला म्हणतात वचक. मला एक पाहिजे."

पोपटराव म्हणाले, "न्या की. लय गरीब जात हाय साहेब. पर दोन गोष्टी. उचलायचं नाय, आन् वरडायचं नाय." साहेबांनी यातलं फक्त "न्या की" ऐकलं.

ससा लिफ्टमधून वर आला. साहेबांनी त्याचं नाव सुभेदार ठेवलं. पुढच्या बैठकीत मोरेबाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी एवढंच विचारलं की नियमाचं काय. साहेबांनी नियम मोठ्याने वाचून दाखवला. कुत्री, मांजरी, कोंबड्या, पक्षी. "यात ससा कुठे आहे?" मोरेबाई उठून गेल्या. आम्ही बाकीचे सतरंजीची किनार चाचपत राहिलो. चहा मात्र आम्ही घेतला.

सुभेदाराच्या दर्शनाला साहेबांनी एका रविवारी शेजाऱ्यांना बोलावलं. मीही होतो. हॉलमध्ये आरशासारखी फरशी, तिच्यावर मध्यभागी सुभेदार. त्याचे पाय त्या फरशीवर ठरत नव्हते. एक आवरला की दुसरा घसरायचा. साहेबांनी सर्वांकडे एकदा नजर फिरवली, वाकले आणि त्याला फोटोसाठी काखेखाली धरून उचललं. पुढचं फार झटपट झालं. सशाने मागचे पाय झाडले. साहेबांचा शर्ट खिशापासून पोटापर्यंत फाटला, मनगटावर लांब ओरखडा उमटला, ससा सोफ्यावर पडून खाली घसरला आणि साहेब त्याच सोफ्यावर बसले. मग सुभेदार सावरला आणि सगळ्या पाहुण्यांसमोर त्याने साहेबांकडे पाठ केली.

साहेबांकडे पाठ करून कोणी बसल्याचं मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. त्यांनीही नसावं. "ए, इकडे बघ," असं ते जे ओरडले त्याने शोकेसमधल्या काचा वाजल्या. सुभेदाराने मागचा पाय जमिनीवर आपटला. एकच धप्प. खाली माझ्या बायकोला वाटलं, सिलिंडर पडला. मग तो दिवाणाखाली गेला आणि बाहेर येईना. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्याने घासालाही तोंड लावलं नव्हतं.

साहेबांच्या मनगटाला पट्टी, म्हणून गाडी चालवायला मी. मागे काकू, त्यांच्या शेजारी टोपलीत सुभेदार. प्राण्यांची डॉक्टर वयाने साहेबांच्या मुलापेक्षाही लहान, पण तिला वचकाची कल्पना नव्हती. तिने सशाचं पोट चाचपलं आणि सांगितलं की ही जात स्वभावाने अगदी शांत, लोकांच्या पायापायात राहणारी; पण जितकी मोठी तितकी भित्री. उंच उचललं की त्यांना वाटतं कोणी शिकार केली. जोरात पाय झाडताना पाठीचा कणासुद्धा मोडू शकतो. आणि घाबरून खाणं थांबवलं की पोट थांबतं. पोट थांबलं की ससा फार वेळ थांबत नाही.

मग तिने विचारलं, "घरात कोणी मोठ्याने बोलतं का?"

काकू भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता फार लक्षपूर्वक वाचू लागल्या. मी माझ्या चपला पाहिल्या.

"आमच्या खालच्या मजल्यावर असतो थोडा आवाज," साहेब म्हणाले.

खालच्या मजल्यावर मी राहतो.

डॉक्टरने औषध दिलं आणि पथ्य सांगितलं. पथ्य सशाचं नव्हतं, साहेबांचं होतं. आवाज चढवायचा नाही. अंगावर जायचं नाही. जमिनीवर बसायचं आणि तो आपण होऊन येईपर्यंत वाट बघायची. गाजरं बंद, वाळलं गवत भरपूर. फरशीवर काहीतरी अंथरायचं, नाहीतर टाचांना जखमा होतात. आणि उन्हाळ्यात गारवा, कारण एवढ्या मोठ्या सशाला नाशिकचा एप्रिल सोसत नाही.

त्यानंतर चौथ्या मजल्यावर शांतता पसरली. पहिल्या आठवड्यात माझ्या बायकोने दोनदा मला वर पाठवलं, सगळे बरे आहेत ना बघायला. बरे होते. काकूंनी शिवलेल्या गोधड्या, ज्या गावठी दिसतात म्हणून माळ्यावर गेल्या होत्या, त्या हॉलभर अंथरल्या होत्या. आरशासारखी फरशी दिसेनाशी झाली होती. हॉलमध्ये एसी आला होता. स्वयंपाकघरात धूर ओढणारा पंखा लावा असं काकू इतकी वर्षं म्हणत होत्या. त्यावर साहेबांचं म्हणणं असे की पूर्वीच्या बायका चुलीपुढे बसायच्या. आणि स्वतः साहेब गोधडीवर मांडी घालून, गुडघे दुखत असताना, हातात कोथिंबिरीची काडी धरून बसलेले. मी दारातून "साहेब" म्हटलं, तर त्यांनी ओठावर बोट ठेवलं.

काही दिवसांनी सुभेदार आपण होऊन आला, काडी खाल्ली, आणि त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर हनुवटी घासून गेला. साहेबांनी डॉक्टरला फोन लावला. तिने सांगितलं की ससे असंच करतात, ज्या वस्तूला हनुवटी घासतात ती वस्तू आपली मानतात. ही बातमी त्यांनी लिफ्टमध्ये, गच्चीवर आणि दूधवाल्याला सांगितली. "मला आपलं मानलं त्याने." काकू आमच्याकडे विरजण न्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "हो, मानलंय. सोफ्याचा पाय, दाराची चौकट, गॅसची नळी आणि साहेब."

माणूस सुधारला असं कोणी समजू नये. ओरडणं बंद झालं नव्हतं, त्याची जागा बदलली होती. ओरडायचं असलं की साहेब लिफ्टने खाली पार्किंगमध्ये येत, वॉचमनला, पाणी सोडणाऱ्याला, इस्त्रीवाल्याला, जो सापडेल त्याला मनसोक्त झाडत आणि मोकळे होऊन वर जात. वॉचमन मला म्हणाला, पूर्वी निदान चौथ्या मजल्यावरून यायचं, वाटेत थोडं सांडायचं. आता थेट येतं.

शिवाय त्यांनी संयमावर व्याख्यानं सुरू केली. ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळात ते "क्रोधावर विजय" या विषयावर बोलले. सशाचा उल्लेख शेवटी, उदाहरणादाखल. मंडळाने शाल दिली. अशा शाली त्यांच्याकडे नोकरीपासूनच्या होत्या. हॉलच्या कपाटात खालच्या कप्प्यात, घड्या घालून, कोणालाही पांघरायला न देता ठेवलेल्या.

एका सकाळी ते कपाट उघडं राहिलं. सुभेदाराने आत शिरून सत्काराच्या शाली ओढल्या, कातरल्या, त्यांचा खोलगट ढीग केला आणि स्वतःच्या छातीवरचे केस उपटून त्यात अंथरले. साहेब जवळ गेले तर तो गुरगुरला आणि पुढच्या दोन्ही पायांनी त्यांच्या हातावर चापट्या मारल्या. परत डॉक्टर. तिने सशाला उलटसुलट न करताच, गळ्याखालच्या जाड घडीकडे बघून विचारलं, "ही नर आहे असं कोणी सांगितलं तुम्हाला?" ती घडी म्हणजे सिंहाची आयाळ असते तसं काहीतरी, असं साहेब तोवर पाहुण्यांना सांगत आले होते. मादी होती. पोटात पिल्लं नव्हती, पण कधीकधी या माद्यांना उगाच तसं वाटतं आणि त्या घरटं करतात, असं डॉक्टर म्हणाली.

परत येताना सोसायटीच्या फाटकाशी साहेब म्हणाले, "हे कोणाला सांगू नका." नाव बदललं नाही. शेवटपर्यंत ते "सुभेदार जेवला, सुभेदार झोपला" असंच म्हणत. काकू सुभेदारीण म्हणत. ती दोन्हीला कान हलवायची.

गुढीपाडव्यानंतरच्या एका दुपारी साहेबांच्या हाताखालची जुनी माणसं भेटायला आली. मलाही बोलावलं होतं, श्रोते कमी पडू नयेत म्हणून. साहेब खात्यातल्या वचकाच्या गोष्टी सांगत होते. काकू चहाचा ट्रे घेऊन आल्या, आणि कपांत साखर घालायची राहिली होती. जुने लोक समोर, जुन्या गोष्टी तोंडात, साहेब क्षणभर विसरले. "अक्कल गहाण ठेवलीय का? एक काम धड येत नाही," असं ते जुन्या आवाजात ओरडले.

गोधडीवर धप्प झालं. सुभेदार दिवाणाखाली गेली.

साहेबांचा चेहरा उतरला. ते सोफ्यावरून उठले, गुडघ्यांवर बसले, मग ओणवे होऊन दिवाणाखाली बघत म्हणाले, "चुकलं माझं. चुकलं, राजा. परत नाही ओरडणार. ये बाहेर." सगळे पाहुणे बघत होते. काकू ट्रे हातात घेऊन तिथेच उभ्या होत्या, त्यांच्या पाठीमागे, हातभर अंतरावर. साहेबांनी वळून पाहिलं नाही. काकूंनी ट्रे टीपॉयवर ठेवला, आतून साखरेचा डबा आणून शेजारी ठेवला, आणि आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या पिशवी घेऊन आमच्या दारात आल्या. सटाण्याला बहिणीकडे, पापड करायला चालले, म्हणाल्या. माझ्या बायकोने विचारलं, किती दिवस. त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"मला इतकी वर्षं वाटायचं, यांचा स्वभावच तसा," त्या म्हणाल्या. "स्वभावाला माणूस काय करणार? उंची कमी असते, रंग सावळा असतो, तसा स्वभाव. सोसला. काल कळलं, यांना येत होतं हळू बोलायला. चुकलं म्हणायलाही येत होतं. स्वभाव नव्हता गं. माझ्यापुढे घेतलेली सवलत होती."

आणि त्या लिफ्टने न जाता जिन्याने उतरल्या.

पापड झाले की येईल, असं साहेब सगळ्यांना सांगत. पापड झाले, कुरडया झाल्या. कैऱ्या आल्या, तेव्हा ते म्हणू लागले की लोणचं घालूनच येईल. त्यांना डबा यायचा. तो ते सुभेदाराच्या शेजारी गोधडीवर बसून खायचे. तिचं गवत, तिचं पाणी, तिची केस विंचरायची वेळ कधी चुकली नाही. स्वतःचा चहा मात्र त्यांना जमेना. एकदा तर माझ्या बायकोला विचारायला आले की पत्ती आधी की पाणी. काकूंना ते फोन करत. मी एकदा तिथे होतो. त्या "बोला" म्हणाल्या असाव्यात, कारण साहेब बोलू लागले, सुभेदाराचे केस झडतायत, सुभेदाराने रिमोट कुरतडला. तू कशी आहेस, हे काही त्या बोलण्यात आलं नाही. पलीकडून फोन ठेवला गेला तरी ते थोडा वेळ बोलत होते.

पार्किंगमध्येही ते येईनासे झाले. वॉचमनला चैन पडेना. साहेब आजारी आहेत का, असं तो मला विचारू लागला.

मग एका रविवारी ते खाली आले. मोतीबिंदूमुळे गाडी चालवता येत नाही, सटाण्यापर्यंत येता का, म्हणाले. सुभेदाराला एकटं ठेवता येणार नाही, म्हणून तीही मागच्या सीटवर, ओल्या टॉवेलखाली. देवळा गाव येईपर्यंत साहेब सराव करत होते. "मी सरळ सांगणार आहे. पुरे झालं आता. घर आहे, संसार आहे, लोक विचारतात. आवर म्हणावं, गाडी उभी आहे." मी हूं हूं करत होतो.

काकूंच्या बहिणीचं, सुमनमावशींचं, घर गावाबाहेर मळ्यात होतं. पुढे कडुनिंब, बाजूला कांद्याची चाळ, मागे घासाचं हिरवं वावर. मावशींनी टोपलीत डोकावून अहिराणीत विचारलं, "हाऊ ससा शे का वासरू शे?" काकू ओट्यावर कैऱ्या फोडत होत्या. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला, पण उठल्या नाहीत.

साहेब अंगणाच्या मध्यावर उभे राहिले. दोन्ही हातांत टोपली. तोंड उघडलं, छाती भरून घेतली. टोपलीत हालचाल झाली. साहेबांनी खाली बघितलं, श्वास सोडला, आणि त्यांच्या तोंडून जे निघालं ते मला फाटकाशी जेमतेम ऐकू आलं.

"घरी यायचं का?"

त्या वाक्यात "का" होता. काकूंनाही तो ऐकू आला असावा. त्यांनी मान वर केली. मग उठून आल्या आणि साहेबांकडे न बघता टोपलीत हात घातला. "कान केवढे तापलेत. एवढ्या उन्हात आणलंत हिला?" टोपली त्यांच्याकडून घेऊन त्यांनी निंबाखाली ठेवली, मातीवर पाणी शिंपडलं, सुभेदाराला बाहेर काढलं. उचललं नाही, टोपली आडवी केली आणि वाट बघितली. ती बाहेर आली आणि गार मातीत पोट टेकून पसरली.

"हिला राहू द्या इथे," काकू म्हणाल्या. "सावली आहे, घास आहे. बरी राहील."

"आणि मी?"

"तुमचं तुम्ही ठरवा. इथे राहणाऱ्याला काम करावं लागतं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. अशा प्रसंगाचा काही नियम असला तर मी तो वाचून दाखवीन, अशी आशा त्यांना असावी. मला तोवर ओट्यावर चहा मिळाला होता. मी बशीत बघितलं. मग साहेब ओट्याच्या कडेवर बसले, बूट काढले, मोजे काढून बुटांत कोंबले आणि पँट घोट्याच्या वर दुमडू लागले. इस्त्रीची घडी मोडताना त्यांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं.

"विळा कुठे असतो?" त्यांनी विचारलं.

मावशी हसू दाबायला आत गेल्या. काकूंनी कुडाला खोचलेला विळा काढून त्यांना दिला आणि घासाच्या वावराकडे चालू लागल्या. साहेब मागून निघाले. अनवाणी, ढेकळांवर पाय उचलून टाकत, विळा फाइलीसारखा काखेत धरून. मी गाडी वळवली तेव्हा ते बांधावर पोचले होते. त्यांनी वाकून घासाची पहिली मूठ धरली, ओढली, आणि ती मुळांसकट उपटून आली. त्यांनी ती काकूंना दाखवली. काकूंनी मुळांची माती झटकली, मूठ बाजूला ठेवली, आणि विळा कसा धरतात ते दाखवायला त्यांच्या शेजारी खाली बसल्या.